गाडीच्या रंगाला क्ले : वडी घ्यावी की हातमोजा?



ईद जवळ आली की पडदे धुतले जातात, भांडी घासली जातात आणि दारात गाडी असेल तर तिचीही आंघोळ होते. या वेळी एका वाचक भगिनीने विचारले आहे : 'आमची गाडी सेकंडहँड, पांढऱ्या रंगाची. शाम्पूने धुतली तरी बोनेटवर हात फिरवला की खरखरीत लागते. वॉशिंग सेंटरवाले म्हणतात, क्ले करून घ्या, नव्यासारखी होईल. मुलगा म्हणतो, क्लेची वडी आता जुनी झाली, हातमोजा मागवू या आणि घरीच करू. कोणाचे ऐकावे?'

दोघांचेही थोडे थोडे ऐकावे. पण त्याआधी ही खरखर कशाची असते ते समजून घेऊ.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक याच थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षाही कमी. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा ब्रेकच्या चकत्या झिजतात आणि लोखंडाचा बारीक भुगा उडतो. त्याचे गरम कण या थरात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर जे तपकिरी ठिपके दिसतात ते बहुधा हेच. त्यात डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, शेजारच्या इमारतीला रंग देताना उडालेले तुषार आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग यांची भर पडते. शाम्पूने धूळ निघते, पण हे चिकटलेले निघत नाही.

ते काढण्यासाठी क्लेची वडी आली. नाव क्ले असले तरी ती माती नाही. मुले खेळतात त्या रंगीत मातीसारखी मऊ, प्लास्टिकच्या जातीची ती वडी असते आणि तिच्यात घासणाऱ्या पदार्थाचे अतिबारीक कण मळलेले असतात. जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये अमेरिकेत हिचे पेटंट मिळाले. त्या पेटंटचे शीर्षक लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचा अर्थ होतो 'लवचीक घासण्याचा दगड'. शोधणाऱ्यानेच तिला दगड म्हटले आहे.

वर्गात मी मुलांना सांगते की खोडरबर पेन्सिलीचे अक्षर पुसतो, पण थोडा कागदही नेतो. एकदा पुसले तर कळत नाही, त्याच जागी दहा वेळा पुसले तर कागद भुरभुरा होतो. क्लेचेही तसेच आहे. साबणाच्या पाण्यावरून ती हलकेच सरकवली की वर आलेले कण उचलते. दाबून घासली किंवा पाणी कमी पडले की क्लिअर कोटवर बारीक धूसर ओरखडे उठतात. मग ते घालवायला पॉलिश करावे लागते आणि पॉलिश म्हणजे तोच पातळ थर आणखी थोडा कमी करणे. कागद संपला तर नवी वही घेता येते. क्लिअर कोट संपला तर पूर्ण भाग नव्याने रंगवावा लागतो आणि तो खर्च महिन्याचा हिशोब बिघडवतो.

आता नव्या वस्तू पाहू. मायक्रोफायबरच्या हातमोज्याला, टॉवेलला किंवा स्पंजला एका बाजूने रबरासारखा थर दिलेला असतो. काम क्लेचेच, पण भरभर होते. एका वेळी मोठी जागा पुसली जाते. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यावी लागते, कारण तिच्यात रुतलेली वाळू पुढे गाडीला ओरखडे पाडते. हातमोजा पडला तर स्वच्छ धुऊन पुन्हा वापरता येतो. एक वडी थोड्याच वेळा पुरते, हातमोजा नीट ठेवला तर खूप काळ चालतो. म्हणून सुरुवातीला महाग वाटला तरी पुढे परवडतो.

उणिवाही आहेत. वडी मळून दरवेळी नवी, स्वच्छ बाजू वर आणता येते. हातमोज्यात घाण पृष्ठभागावरच राहते. तो सतत पाण्यात खळबळला नाही तर तीच घाण रंगावर फिरते. हाताखाली काय अडकते आहे हे वडीतून बोटांना चांगले कळते, जाड हातमोज्यातून तितके नाही. दाराच्या मुठीभोवती, आरशाखाली वडी सहज वळते. हातमोज्याने धूसर ओरखडे उठण्याचा संभवही वडीपेक्षा थोडा जास्त. पांढऱ्या-चंदेरी गाडीवर ते सहसा दिसत नाहीत, काळ्या गाडीवर उन्हात लगेच दिसतात.

म्हणून माझा सल्ला असा. गाडी गडद रंगाची असेल आणि पुढे पॉलिश करायचे नसेल, तर बारीक प्रतीची, म्हणजे फाइन, वडी घ्यावी. गाडी फिक्या रंगाची असेल, घरात दोन गाड्या असतील किंवा मुलेच काम करणार असतील, तर हातमोजा सोयीचा.

पण दोन्हींच्या आधी एक पायरी आहे आणि वॉशिंग सेंटरमध्ये घाईत नेमकी तीच वगळली जाते. जे न घासता निघते ते आधी न घासता काढावे. लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. लोखंड लागले की तो जांभळा होतो आणि कण विरघळवून सोडवतो. त्याला उग्र वास येतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातात मोजे घालूनच वापरावा. डांबरासाठी टार रिमूव्हर कापडावर घेऊन डागापुरता लावावा. जड पाण्याच्या ताज्या डागांवर पांढरे व्हिनेगर समभाग पाणी घालून लावावे आणि लगेच धुवावे. यातले काहीही उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नये, वाळू देऊ नये. एवढे केल्यावर बरीच खरखर निघून जाते आणि क्लेचे काम थोड्याच जागेवर उरते.

उरले आहे का, हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. धुतलेल्या ओल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे हलकेच फिरवा. उघड्या बोटांना न जाणवणारी खरखरही पिशवीतून कळते. जिथे लागेल तिथेच क्ले करा. जिथे काच लागल्यासारखे गुळगुळीत आहे तिथे हात लावू नका.

करताना गाडी सावलीत हवी. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. नवा हातमोजा आधी ओल्या काचेवर थोडा फिरवून घ्यावा, म्हणजे त्याचा करकरीतपणा जातो. वहीच्या दोन पानांएवढी जागा घ्या, भरपूर शाम्पूचे पाणी शिंपडा, सरळ रेषेत वजन न देता फिरवा. आधी हात अडखळतो, मग सरकू लागतो. सरकला की थांबा. मॅट रंगाच्या गाडीवर क्ले करूच नये. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावणे आवश्यक, कारण क्लेने आधीचे संरक्षणही निघून जाते. आणि नळ सोडून ठेवू नये. वुजू करतानाही पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला आहे, गाडीसाठी तर ती जास्तच लागू होते.

बाहेर करून घ्यायचे असेल तर तीन प्रश्न विचारा. क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारणार का? वडी कोणत्या प्रतीची आहे आणि ती आधी कोणाच्या गाडीवर वापरली आहे का? नंतर वॅक्स यातच धरले आहे का? 'दर सर्व्हिसला क्ले करा' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. वर्षातून एकदा पुष्कळ झाले आणि गाडी छपराखाली उभी राहत असेल तर तितकीही गरज पडत नाही. गरज नसताना केलेला खर्च फजूलखर्चीच, मग तो स्वच्छतेच्या नावाने का असेना.

त्या भगिनीसाठी थोडक्यात : गाडी पांढरी आहे, मुलगा कामाला तयार आहे, तर हातमोजा घ्या, मुलाला करू द्या. फक्त आधी फवारा आणि पिशवीची तपासणी. सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकाने किती वेळा पॉलिश केले आहे हे आपल्याला माहीत नसते, म्हणून हात हलका ठेवायला सांगा. बोनेटच्या कडा आणि दाराच्या घड्या यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे तर विशेष जपा.