फ्लश तर केलं, पुढे काय?

रात्री साडेअकराला फोन. थेट सिएटलहून. कॉलेजचा मित्र, आता तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. ‘‘अगं, जरा नाजूक प्रॉब्लेम आहे. हसणार नसशील तर सांगतो.’’ मला वाटलं ब्रेकअप! निघालं टॉयलेट.

साहेबांनी तीन कलीग्जबरोबर तीस फुटी सेकंडहँड शिडाची बोट घेतलीय. गॉगल, सूर्यास्त वगैरे फोटो तुम्हीही पाहिले असतील. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे कपाटाएवढ्या खोलीतला हातपंपाचा कमोड. दांडा पंधरा-वीस वेळा वर-खाली करायचा, तेव्हा कुठे सगळं पुढे सरकतं. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून काका-काकू गेले होते. काकूंना फ्रोझन शोल्डर. दांडा हलेना, मुलाला हाक मारायची लाज. मग त्या दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत! संध्याकाळी चक्कर आली तेव्हा कळलं. यंदा पुन्हा येतायत, म्हणून याला बटणवालं टॉयलेट हवंय.

मी म्हटलं, बॅटरीचा घोळ असेल. अजिबात नाही. बारा व्होल्टची मोटर पंधरा-वीस अँपिअर खेचते, पण फक्त दहाएक सेकंद. वीस फ्लश मिळून जेमतेम एक अँपिअर-अवर. वायर जाड हवी, बस्स. खरी गोची टाकीची. प्युजेट साउंडमध्ये २०१८ पासून बोटीच्या टॉयलेटचं पाणी समुद्रात सोडायला बंदी आहे, प्रक्रिया केलेलंसुद्धा. सगळं टाकीत साठवायचं आणि मरिनात पाइप लावून उपसायचं. याची टाकी चाळीस लिटरची. मोठीला जागाच नाही.

आता हिशेब. चार माणसं, प्रत्येकी पाच फेऱ्या. फ्लशला तीन लिटर म्हणजे दिवसाचे साठ. बोंबला! हातपंपावर पाणी किती घ्यायचं ते तुमच्या हातात असतं. बटण दाबून धरणारा पाहुणा मात्र टाकी भरूनच बाहेर येतो. फ्लशचं पाणी शून्य धरलं तरी चौघांची लघवीच दिवसाला सहा लिटरच्या आसपास. आणि आपल्याला पेपर चालत नाही, मग लागतो. तो अर्धा-पाऊण लिटर त्याच्या ब्रोशरमध्ये धरलेलाच नव्हता.

व्हॅक्यूमवाल्याला फ्लशला अर्धा लिटर पुरतो, पण त्याचा वेगळा पंप ठेवायचा कुठे? आणि किंमत ऐकून हा गप्पच झाला. कंपोस्टवाल्याला पाणीही नको, टाकीही नको. पण त्यात मगाचं पाणी गेलं की खेळ खल्लास. शिवाय लघवीची बाटली रोज रिकामी करायची. काकूंनी व्हिडिओ बघून एका शब्दात बाद केलं. तो शब्द छापता येणार नाही.

उरलं मॅसरेटरवालं. टॉयलेटमधला मिक्सर म्हणा. छोटं-मोठं अशी दोन बटणं असलेलं, लिटरभरात भागवणारं आणि गोड्या पाण्यावर चालणारं. समुद्राच्या पाण्यातले जीव पाइपमध्ये मरून कुजतात, सडक्या अंड्यांचा वास येतो. गोडं पाणी मात्र पिण्याच्या टाकीतून जाणार, तेही मोजायचं.

आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो पाइप. दीड इंची पाइप तीन मीटर लांब असेल, तर त्याच्या पोटातच जवळजवळ साडेतीन लिटर मावतात. लिटरभर पाण्याने सगळं टाकीपर्यंत पोचणार कसं? मध्येच मुक्काम! मॅसरेटरच्या काही मॉडेल्सना एक इंची पाइप चालतो. वळणं काढून तोच दीड मीटरवर आणला की आत पाऊण लिटर. याने सीट निवडायच्या आधी टेप घेऊन पाइप मोजला, शाब्बास.

मग राहणार, पण छोटा. शनिवारी संध्याकाळी टाकी उपसायला मरिनात परतायचं, म्हणजे सेलिंग दोन तास कमी. कलीग्ज कुरकुरले. याने ऐकलं नाही.

परवा काकूंचा फोन. बॅगा भरणं चाललं होतं. ‘‘काय गं, कोकम सरबत नेऊ ना बोटीवर?’’