साखळी विक्रीचा हिशेब मागणार कोण?

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या मराठी माणसाला न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर ते वावगे ठरू नये. परंतु पांढऱ्या फळ्यावर एका वर्तुळाखाली सहा आणि त्या सहांखाली छत्तीस वर्तुळे काढून ‘व्यवसायाची संधी’ समजावणारा पाहुणा या पोलादनगरीला नवा नाही. त्या पाहुण्याच्या धंद्याविरुद्ध अमेरिकेतील एका धनाढ्य गुंतवणूकदाराने उघडपणे पैज लावली आणि ती तो हरला. त्या पैजेचा इतिहास आपल्या प्रशासनाने आणि राज्यकर्त्यांनी वाचावा असा आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये ‘पर्शिंग स्क्वेअर’ या गुंतवणूक संस्थेचे प्रमुख बिल ॲकमन यांनी हर्बालाइफ ही पोषण पावडरी विकणारी कंपनी म्हणजे निव्वळ पिरॅमिड आहे, असे तीन तासांहून अधिक चाललेल्या सादरीकरणात मांडले. केवळ मांडून ते थांबले नाहीत. सुमारे एक अब्ज डॉलरचे शेअर त्यांनी उसने घेऊन विकले होते. शेअर कोसळला की स्वस्तात परत घेऊन द्यायचे आणि मधला फरक खिशात टाकायचा, ही मंदीवाल्यांची जुनी रीत. वैयक्तिक नफा दान करण्याची घोषणाही त्यांनी केली होती. कंपनीने अर्थातच सारे आरोप फेटाळले. लवकरच कार्ल आयकान हे तितकेच मातब्बर गुंतवणूकदार तेजीच्या बाजूने उतरले. २०१३ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर या दोघांत जे भांडण झाले, ते नळावरच्या भांडणाला लाजवील असे होते.

ही लढाई पुढे बाजारातून राजधानीत शिरली. ॲकमन यांच्या बाजूने वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींकडे लॉबिंग झाले, काही नागरी हक्क संघटनांना पैसेही दिले गेले. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याचा सविस्तर वृत्तांत छापला. कंपनीनेही लॉबिंग करणारे नेमले, माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांच्यासारखे वजनदार नाव आपल्या बाजूला उभे केले. अखेर जुलै २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीकडून २० कोटी डॉलर वसूल केले. सुमारे साडेतीन लाख लोकांना २०१७ मध्ये धनादेश गेले. वितरकांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश हिस्सा पडताळणी झालेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, अशी अटही घातली गेली. तिला पिरॅमिड मात्र अधिकृतपणे म्हटले गेले नाही. शेअरचा भाव कोसळण्याऐवजी वाढला आणि २०१८ च्या आरंभी ॲकमन मोठा तोटा सोसून बाहेर पडले. आयकान यांनी मोठा नफा कमावला. भाव खरा आपटला तो २०२१ नंतर, मंदीवाला घरी गेल्यावर.

धंदा न्याय्य आहे काय, याची फिकीर बाजार करत नाही. तो आणखी किती काळ चालेल, एवढेच बाजार मोजतो. ॲकमन यांच्या आरोपांतील बऱ्याच गोष्टी सरकारी चौकशीत टिकल्या, तरी त्यांना पैसा मिळाला नाही. पण स्वार्थापोटी का होईना, कोणीतरी कागदपत्रे उकरली, ती जाहीर केली आणि यंत्रणेला हिशेब मागणे भाग पाडले. हे सारे कंपनी चालू असताना घडले. बुडाल्यानंतर पंचनामा करणारे सर्वत्रच असतात.

आपल्याकडे ही सोय नाही. २००१ मध्ये केतन पारेख प्रकरणानंतर सेबीने शॉर्ट सेलिंगवर बंदी घातली आणि २००८ मध्ये शेअर उसने घेण्यादेण्याच्या चौकटीसह ते पुन्हा खुले केले. तथापि त्याचा येथे उपयोग शून्य, कारण भारतात साखळी विक्री करणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्याच नाहीत. ॲमवे इंडिया खासगी कंपनी आहे. हर्बालाइफचा शेअर न्यूयॉर्कला, आणि भारत तिच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक. भिलाईतल्या एखाद्या हिशेबी अकाउंटंटाला गणित कळले तरी तो फार तर मेहुण्याला सावध करील, आणि मेहुणा दुखावेल.

गणित तसे शाळकरी आहे. प्रत्येकाने सहा माणसे आणायची म्हटले तर दहाव्या पायरीला सहा कोटी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची लोकसंख्या अडीच कोटी होती. माल खरोखर ग्राहकाला विकला जात असेल तर पायऱ्या कितीही असोत, धंदा टिकतो. उत्पन्नच नव्या भरतीतून येत असेल तर शेवटच्या दोन पायऱ्यांवरची बहुसंख्य माणसे बुडणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

मग शहाणीसुरती माणसे यात येतात कशी? याचे उत्तर लोभ हे नव्हे. निदान एवढेच नव्हे. अमेरिकेत हर्बालाइफच्या वितरकांत स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांचे प्रमाण मोठे होते, हा योगायोग नाही. परमुलखात माणूस आपल्या भाषेच्या माणसावर विश्वास टाकतो. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हापासून नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची कुटुंबे येथे आली. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मंडळाची सहल यांतून जो ऋणानुबंध जमला, तो परक्या गावातला खरा ठेवा. साखळीवाल्याला नेमका तोच हवा असतो. कारखान्यातील कायम नोकऱ्या गेली काही दशके घटत आल्या, निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती येते, मुलाला वडिलांसारखी नोकरी मिळणार नसते. अशा घरात ओळखीच्या वहिनी डबा घेऊन येतात तेव्हा नाही म्हणणे अवघड होते. फसल्यावर तक्रार करणे त्याहून अवघड, कारण तक्रारदाराखालीही त्याचीच चार नातेवाईक माणसे असतात. ठाण्यात जायचे तर फिर्यादी म्हणून की आरोपी म्हणून, हेच त्याला कळत नाही.

कायदा नाही असे नाही. बक्षीस चिट्ठी व पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे. ॲमवेची योजना प्रथमदर्शनी त्याच्या कक्षेत येते, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. कंपनीचे तत्कालीन प्रमुख विल्यम पिंकनी यांना २०१३ मध्ये केरळ आणि २०१४ मध्ये आंध्र पोलिसांनी अटक केली. पहिल्या अटकेवर केंद्रातील तत्कालीन कंपनी व्यवहार मंत्री सचिन पायलट यांनीच नाराजी व्यक्त केली. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीची ७५७ कोटींची मालमत्ता गोठवली. आपण सर्व नियम पाळतो, ही कंपनीची भूमिका कायम राहिली. एक यंत्रणा अटक करते, दुसरी हळहळते, तिसरी दशकानंतर जप्ती करते. या तऱ्हेने ना कंपनीला नियम कळतो, ना ग्राहकाला.

छत्तीसगडच्या राजकारणाने तर या प्रश्नाची भरपाई करून टाकली आहे. येथे साऱ्याच बुडीत योजनांना सरसकट ‘चिटफंड’ म्हणतात, नोंदणीकृत भिशीवाल्यांवर तो अन्याय आहे, असो. २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसने ठेवीदारांचे पैसे परत करण्याचे आणि स्थानिक एजंटांवरील खटले मागे घेण्याचे वचन दिले. भूपेश बघेल सरकारने नंतर अर्ज मागवले, काही ठिकाणी मालमत्ता विकून थोडी रक्कम वाटलीही. एजंट हाही फसलेलाच, हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. पण एजंट आणि ठेवीदार दोघेही मतदार असल्याने पक्षांना ते सोयीचेही आहे. कंपनी जिवंत असताना तिचे दप्तर तपासण्यात मात्र कोणाची मते वाढत नाहीत.

खासगी मंदीवाला नाही, तक्रारदार बोलत नाही, म्हणजे हिशेब मागण्याचे काम सरकारवरच येते. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली, प्रवेशशुल्क बंद केले आणि देखरेखीची यंत्रणा उभारण्याची जबाबदारी प्रत्येक राज्य सरकारवर टाकली. त्या यंत्रणेने एकच आकडा मागितला तरी पुरे: कंपनीच्या मालापैकी साखळीबाहेरच्या ग्राहकाने किती विकत घेतला? अमेरिकेच्या आयोगाने चार वर्षांच्या गदारोळानंतर हाच आकडा मागितला. दुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला तो मागण्यासाठी एक अब्ज डॉलरची गरज नाही. वैशाली नगर २००८ च्या निवडणुकीपासून स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहे. राज्याच्या यंत्रणेने आजवर किती कंपन्यांचे दप्तर उघडले, हा तारांकित प्रश्न तेथील आमदाराला रायपूरच्या सभागृहात विचारता येईल. तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणाही निवृत्त कारकुनाला करता येतो, आणि भिलाईत त्यांची वाण नाही.