करवतीचा वाटा

मराठीच्या प्राध्यापकाच्या दारी टेम्पो थांबला, की शेजारीपाजारी समजतात, पुस्तके आली. गेल्या महिन्यात आमच्या दारी टेम्पो थांबला आणि चार हमालांनी मिळून एक खोका उतरवला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "सर, विश्वकोश एकदम सगळाच मागवलात वाटतं!"

खोक्यात विश्वकोश नव्हता. बँडसॉ होता. म्हणजे पट्टीची करवत. एकावर एक अशी दोन चाके, त्यांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, मध्ये एक लोखंडी मेज आणि खाली मोटर. वजन माझ्या दीडपट.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे सुतारकामाचे वेड नवे नाही. 2020 सालच्या टाळेबंदीत ते लागले. आधी एक रंधा आला, मग दोन पटाश्या, मग गुण्या आणि हातकरवत. एका डुगडुगत्या स्टुलापासून आरंभ करून मी पुस्तकांच्या मांडणीपर्यंत मजल मारली. (मांडणी भिंतीला टेकून उभी आहे. भिंत नसती तर काय झाले असते, याचा विचार मी करीत नाही.) पण यंत्र हे प्रकरण निराळे. आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "हाताने कापताना हात दुखले की तुम्ही थांबता तरी. हे थांबणार आहे का?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर द्यायचे तर फणसापासून सुरुवात करावी लागेल.

श्रीवर्धन तालुक्यात आमचे जुने घर आहे. त्याच्या परसात आजीने लावलेला एक फणस होता. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाले, आणि आमचा फणस मुळासकट कलंडला. वडील त्याआधी दोन वर्षे गेले होते, आणि घराच्या वाटणीवरून दादाचे व माझे बिनसले होते. भांडण झाले म्हणावे तर तसेही नाही. भांडण झाले असते तर निदान बोलणे झाले असते. निरोप ताईमार्फत आणि कागद वकिलामार्फत, असा सारा व्यवहार. पडलेला फणस नेमका दोघांच्या हद्दीवर. दादाने ताईकरवी कळवले, "जळाऊ म्हणून विकू, पैसे निम्मे निम्मे." मी ताईकरवीच कळवले, "नको." दादाचे उत्तर आले नाही.

मी तालुक्याच्या लाकूड-गिरणीतून खोडाच्या अडीच इंची फळ्या पाडून घेतल्या, मध्ये मध्ये काठ्या घालून पडवीत रचून ठेवल्या आणि पुण्याला परतलो. लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष धरावे, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने फळ्या केव्हाच वाळल्या. त्यांना हात लावायचा धीर मात्र मला होत नव्हता.

गेल्या भाऊबीजेला ताई म्हणाली, "तू सकाळी येतोस आणि दादा संध्याकाळी. एकाच ताटाने दोघांना ओवाळून किती वर्षं झाली रे?" त्या रात्री ठरवले, फणसाचे दोन पाट करायचे. पाटाची प्रत्येक फळी मधोमध चिरायची. एक अर्धा दादाच्या पाटात, दुसरा माझ्या पाटात.

हे बोलायला सोपे. साडेपाच इंच रुंदीची फळी कडेवर उभी धरून मधून चिरणे, हे हातकरवतीचे काम नव्हे असे नाही. माझ्या हाताचे काम नव्हे. एका तुकड्यावर मी प्रयोग केला. रेघ वरून सरळ दिसत होती. आत करवत कुठे फिरली कोण जाणे. एक भाग निघाला दीड इंची आणि दुसरा जेमतेम पाऊण इंची. असली वाटणी घेऊन मी दादापुढे गेलो असतो, तर माझ्याविषयी त्याचा जो समज आहे तो पुराव्याने शाबीत झाला असता!

म्हणून यंत्र. गोल पात्याची करवत दुकानदाराने आधी दाखवली. पण तिचे दहा इंची पाते मेजावर सुमारे तीनच इंच वर येते, आणि त्याची चीर तीन मिलिमीटरच्या आसपास. बँडसॉच्या पातळ पट्टीची चीर एक मिलिमीटरच्या जवळपास. शिवाय गोल पाते लाकूड कधी कधी उलटे अंगावर फेकते. बँडसॉची पट्टी वरून खाली जाते, लाकूड मेजावरच दाबून धरते. बोटाला मात्र तीही ओळखत नाही.

बँडसॉ घेताना चाकाचा व्यास विचारतात. नऊ इंची यंत्र स्वस्त होते, टेबलावर मावण्याजोगे; पण त्यात जेमतेम साडेतीन इंच उंचीचे लाकूड जाते, आणि अंगही लेचेपेचे. पट्टी ताठ धरायला सांगाडा भक्कम लागतो. चौदा इंची यंत्रात सहा इंच उंचीचे लाकूड जाते. माझी फळी साडेपाच इंच. हिशेब जमला. एक अश्वशक्तीची मोटर घरगुती विजेवर चालते, फक्त जाड पिनांचे सॉकेट लागते. राहता राहिली पट्टी. नक्षीच्या वळणांना पाव इंची, बारीक दात्यांची. फळ्या चिरायला अर्धा इंची, इंचाला तीनच दाते असलेली. दाते कमी का, तर उंच लाकडातला भुसा त्या खाचांतून बाहेर पडला पाहिजे. भुशाला वाट मिळाली नाही की पट्टी तापते आणि वाट सोडते.

यंत्राची कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने 1809 च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. पण पट्टीची दोन टोके जोडायची कशी, हे कुणाला साधेना. सांधा तुटायचा. टिकाऊ सांध्याची युक्ती 1846 साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच बाईने काढली. चाके पुरुषाची, सांधा बाईचा. हे मी घरात सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग त्यात नवल ते काय?"

यंत्र तळमजल्यावरच्या गॅरेजात उभे राहिले. पट्टी तीन वेढ्यांत गुंडाळून आली होती. सुमारे 93 इंचांची ती पट्टी सोडताच अंगावर अशी उसळली, की मी भिंतीपर्यंत मागे गेलो. ती चाकांवर चढवली, बटण दाबले, एक लाकडाचा तुकडा पुढे केला. कापणे दूरच, नुसते घासणे, काळा डाग आणि धूर. पाहतो तो दाते वरच्या दिशेला! पट्टी काढून फिरवली. दाते पुढे आणले की वर बघत, आणि खाली करावे तर मागे जात. तीनदा केले. अखेर ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री आले. साठी उलटलेली, डाव्या तर्जनीचे अग्र नाही. पट्टी पाहून म्हणाले, "उलटी नाही सर, आतली बाहेर झालीय." आणि सदऱ्याची बाही उलटवावी तशी दोन हातांत धरून त्यांनी ती उलटवली. दाते खाली बघू लागले. वीस वर्षे मी वर्गात व्याकरण शिकवतो आहे. आतले बाहेर झाले की कितीही फिरवून अर्थ लागत नाही, हे त्या दिवशी नीट कळले.

मग मिस्त्रींनी आधी प्लग काढला आणि अंगठीही काढून ठेवायला लावली. पट्टीला ताण दिला. बोटाने बाजूने दाबली तर ती किंचितच हलली पाहिजे. वरचे चाक हाताने फिरवत मागचा स्क्रू थोडा थोडा पिळून पट्टी चाकाच्या रबरी धावेच्या मधोमध आणली. "हे हातानंच. मोटर लावून नाही." मग पट्टीला दोन्ही बाजूंनी आणि मागून सावरणारे गाइड. "पट्टीला शिवायचे नाहीत, पण लांबही नकोत. कागद आहे?" मी विद्यापीठाची एक जुनी प्रश्नपत्रिका दिली. कागदाची पट्टी मध्ये सरकवून त्यांनी एकेक गाइड बसवला. पुढची कड दात्यांना लागणार नाही इतकी मागे ठेवली. गुण्या लावून मेज पट्टीशी काटकोनात आणले. वरचा गाइड लाकडापासून पाव इंच वर ठेवला. शेवटी एका रद्दी फळीवर रेघ मारून हाताने ती चिरली. पट्टी अंमळ उजवीकडे ओढत होती. तेवढ्याच कोनात कडेची सरळ पट्टी वळवून घट्ट केली. या सगळ्याला दोन तास लागले. मी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा त्यांनी आपले अर्धे बोट वर केले. "हे गोल करवतीनं गेलं. पण करवतीनं नाही सर, घाईनं गेलं."

मग मी फणसाची फळी आणली आणि मधोमध पेन्सिलीची रेघ ओढली. "अडीच इंच आहे मिस्त्री. सव्वा-सव्वा."

"सव्वा-सव्वा होत नाही सर," ते म्हणाले. "करवतीचा वाटा आधी धरायचा. मग दोघांचे मोजायचे."

मी थबकलो. आमच्या घराच्या वाटणीत करवतीचा वाटा कुणी धरलाच नव्हता. दादाने आपले निम्मे मोजले, मी माझे निम्मे मोजले. मधल्यामध्ये जे भुसा होऊन गेले, ते दुसऱ्याने घेतले असे दोघांनाही वाटत राहिले. घेतले कुणीच नव्हते. चिरताना तेवढे जातेच. फक्त चीर बारीक ठेवणे आपल्या हाती असते. आम्ही ती वकिलाकडून घालून घेतली.

फळी चिरायला दोन-तीन मिनिटे लागली. पट्टी ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे धावत होती, आणि माझे काम फक्त ढकलकाठीने, न रेटता, लाकूड पुढे देण्याचे होते. फळी उघडली. दोन्ही अंगे हळदीसारखी पिवळी धमक. याच गाभ्याच्या रंगाने पूर्वी बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवीत. उजेड लागला की हा रंग पुढे तपकिरी होतो. एका भागावरची रेघ न् रेघ दुसऱ्यावर आरशात पाहावी तशी होती.

दोन फळ्यांचे चार भाग झाले. रंधून, सरस लावून, खाली आडव्या पट्ट्या ठोकून दोन पाट झाले. दादाच्या देहाकडे पाहता अंमळ अरुंद आहेत. पण यंत्रात सहा इंचच उंची जाते, त्याला माझा इलाज नाही.

शेवटचा हात कशाचा द्यावा, हे मिस्त्रींना विचारता आले असते. मी दादाला फोन केला. थेट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "खोबरेल. आजी पाटांना खोबरेलच लावायची." आणि थोड्या वेळाने, "फणस ठेवलास तर."

"ठेवला," मी म्हटले. याहून अधिक आम्ही बोललो नाही.

दोन्ही पाट ताईकडे पोचते केले आहेत. भाऊबीजेला तो सकाळी येणार की संध्याकाळी, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी आपला दिवसभर तिथेच बसायचे ठरवले आहे.