जवळजवळ पूर्ण फुटपाथ

परवा शनिवारी आईला घेऊन माणिकपूरहून वसई स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत ती किती वेळा फुटपाथवरून रस्त्यावर उतरली ते मोजलं. नऊ वेळा! कुठे बाईक्स, कुठे टपरी, कुठे फुटपाथच संपलेला.

आमच्या धंद्यात एक लिंक तुटली की अख्खी सिस्टीम डाऊन. फुटपाथचंही तसंच. मधले दहा मीटर गेले की म्हातारं माणूस थेट रिक्षांच्या मध्ये. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चालण्यायोग्य फुटपाथ हा कलम २१ खालचा हक्क मानला.

दुसरा मुद्दा वेगाचा. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने आदळणाऱ्या गाडीची ऊर्जा जवळपास पावणेतीन पट असते. शाळेतलंच गणित आहे हे. म्हणून शाळा, बाजार, स्टेशनपाशी ३० ची मर्यादा आणि फुटपाथच्याच उंचीचं क्रॉसिंग हवं. निर्मळ-आगाशीकडच्या अरुंद गावरस्त्यांवर वेगळा सायकल ट्रॅक मावणार नाही. तिथे गाड्यांचा कमी वेग हाच सायकलवाल्याचा ट्रॅक.

‘मग गाड्या लावायच्या कुठे?’ प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर आईच्या वाटेत नको. आणि हो, त्या फुटपाथवर ‘दोनच मिनिटं’ म्हणत मीही बाईक लावलीय. आजपासून बंद. तुमचं काय?