चित्रपुस्तक कोणाच्या हाती?

चित्रपुस्तक आणि हस्तकाम यांची सांगड घालण्याची पद्धत नवी मुंबईतील खाजगी बालवर्गांना अपरिचित नाही. माशाची गोष्ट ऐकायची, चित्र न्याहाळायचे आणि लगेच मासा घडवायचा. हाताने घडवताना कल्ला कोठे, शेपूट कोठे, हे मूल पुन्हा चित्रात शोधते. चित्र ही वस्तूची खूण आहे हे त्याला उमगते. अक्षरही अशीच खूण आहे, हे मग फार दूर राहत नाही. पद्धत निःसंशय उत्तम आहे. आक्षेप आहे तो पुस्तक, रंगीत कागद आणि कातरलेले तुकडे एका खोक्यात भरून तिला विक्रीची वस्तू बनविण्याला.

ही सांगड बाजाराने शोधलेली नाही. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात माँटेसरीच्या महागड्या साधनांची जागा बिया, पाने, शिंपले आणि माती यांनी घेतली. ही साधने आजही फुकट आहेत. दिवाळे कोळीवाड्यातील मुलाला मासा चित्राआधी ठाऊक असतो. दिघा-तुर्भ्याच्या डोंगरपायथ्याच्या वस्तीतील मुलाला माती कोणी विकत द्यावी लागत नाही. त्यांच्यापाशी नाही ते पुस्तक, बसायला पुरेशी जागा आणि सवड असलेली शिक्षिका.

या तीन गोष्टी समाजानेच पुरवावयाच्या आहेत. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्याचा ‘प्रयत्न’ राज्यसंस्थेवर सोपविला. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासूनच दिला. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळून शिकविणाऱ्या अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. जिच्या श्रमाला श्रम म्हणावयाचीही तयारी नाही, तिने वीस मुलांना निवांत गोष्ट सांगावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

शेतकऱ्यांच्या आणि आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर हे नियोजित शहर उभे राहिले. नियोजनात भूखंडांचा हिशेब चोख झाला. आता प्रत्येक अंगणवाडीत मराठी चित्रपुस्तकांची पेटी, मुलांना पसरून बसता येईल अशी खोली आणि सेविकेला रीतसर वेतन, एवढी मागणी वस्त्यावस्त्यांतून पालकांनी, सेविकांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र लावून धरली पाहिजे. माती मुले स्वतःच आणतील.