दारावरचा निरोप

नारायणगावाजवळच्या खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ-दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तारा काही तबकडीत उतरत नाही. उतरतो तो त्याचा निरोप. आपल्या पेशींचेही तसेच आहे.

एका भाऊबीजेला नारायणगावी ताईकडे होतो. फटाक्यांच्या धुराने भाच्याचा दमा उसळला. ताईने साल्ब्युटामॉलचा पंप दिला. थोड्याच वेळात पोर बोलू लागले. गंमत अशी, की हे औषध काम करते ते पेशीच्या दारातूनच! पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेले एक ग्राही प्रथिन असते. औषध त्याच्या बाहेरच्या खोबणीत बसले, की त्याचा आकार किंचित बदलतो. मग आतले ‘जी’ प्रथिन हातातला जीडीपी टाकून जीटीपी घेते, दुभंगते, आणि त्याचा एक तुकडा शेजारच्या विकराला जागे करतो. ते सायक्लिक एएमपीचे रेणू भराभर घडवते, आणि श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल पडतात.

या ग्राहींच्या अभ्यासासाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पंप ऊठसूट ओढला, तर मात्र पेशी काही ग्राही आत ओढून घेते. निरोप क्षीण होतो. डॉक्टर सूज उतरवणाऱ्या रोजच्या दुसऱ्या पंपाचा हट्ट धरतात, त्याला हेही एक कारण.