डाव कोणाचा, शेत कोणाचं

मुखेडच्या मोंढ्यात आज पंचविशीतल्या पोरापुढं ‘नांदेड-44’ म्हटलं तर त्याला काही उलगडत नाही. त्याच्या आजोबांना मात्र नाव पुरतं घ्यायचीही गरज पडत नाही. तेव्हाच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रात, 1980च्या दशकात, बिकानेरी नरमा आणि एसी-738 यांच्या संकरातून हा वाण तयार झाला. कंधार-मुखेडच्या बरड, कोरडवाहू रानात तो टिकला आणि विदर्भातही पसरला. पावसानं ओढ दिली, तुडतुड्यांनी पानं लाल केली, तरी पुढच्या एका पावसावर झाड पुन्हा फुटायचं, पात्या धरायचं. बालाघाटच्या उतारावर शेती करणाऱ्या माणसाला झाडाकडून याहून मोठी अपेक्षा नसते.

मग मार्च 2002 मध्ये केंद्राच्या समितीनं महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात उभी केलेली, म्हणजे आपल्याच मुलखातली. त्यातलं अळीला मारणारं जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचं. हे तंत्रज्ञान खोटं नव्हतं, हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. हिरव्या बोंडअळीनं 1990च्या दशकात कापूस उत्पादकाला कर्जात बुडवलं होतं. एकामागून एक फवारण्या करूनही ती मरत नव्हती. बीटीनं ती रोखली, पहिल्या काही वर्षांत फवारणीचा खर्च उतरला आणि घरात चार पैसे जास्त आले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना बीटीवर राग धरवत नाही.

चूक पुढं झाली. सरकार, कंपन्या, बँका, दुकानदार आणि आपण वर्तमानपत्रवाले, सगळ्यांनी मिळून एक भाकीत पक्कं केलं: यापुढं कापूस म्हणजे बीटी. दहा-बारा वर्षांत देशातलं 90 टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली गेलं. नांदेड-44चं बीजोत्पादन आटत गेलं आणि एक दिवस असा आला की मागूनही दुकानात ती बॅग मिळेना. शेतकऱ्यानं जुनं बियाणं नाकारलं असं नंतर सांगितलं जातं. त्याच्यापुढं निवडायला दुसरं काही ठेवलंच नव्हतं, हे सांगितलं जात नाही.

बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक लहान पुडी यायची, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेनं लावायची. त्या झाडांवर साधी अळी जगेल, तिचे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळतील आणि अळीची प्रतिकारशक्ती सगळ्या शिवारात पसरणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार शास्त्रशुद्ध होता. पुडी कोणी लावली? कुणी बांधावर भिरकावली, कुणाच्या घरी ती कोनाड्यात वर्षभर पडून राहिली. तीन एकरवाल्यानं त्यातलं थोडं रान अळीसाठी सोडावं असं वाटत असेल, तर त्याच्या ओट्यावर बसून कारण सांगावं लागतं आणि त्या तुकड्याचं नुकसान कुणीतरी सोसावं लागतं. पुडीवरच्या बारीक अक्षरांपलीकडं फारसं काही झालं नाही.

2010 मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचं मोन्सँटोनंच मान्य केलं. तोवर 2006 साली आलेलं दुसरं बीटी, बीजी-2, सगळीकडं झालं होतं. काही वर्षांत अळीनं तेही पचवलं. 2017च्या हंगामात महाराष्ट्राला त्याचा फटका बसला. फुलं उमलायची नाहीत, डोमकळ्या व्हायच्या. बोंड बाहेरून हिरवंगार आणि टणक. हातानं फोडलं की आत नखाएवढी गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि पिवळी पडून चिकटलेली रुई. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओटीत दिवसभर कवडी कापूस पडायचा, आणि मजुरी किलोवर ठरलेली. डाव मांडला कुणी आणि दिवस कुणाचा बुडाला!

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक असताना केशव क्रांती सांगत होते की लांब मुदतीच्या संकरित वाणांतच बीटी देत राहिलो तर अळीला खाणं जास्त महिने पुरतं; कमी दिवसांचे सरळ वाण दाटीनं लावा. सरळ वाणाचं बी घरी राखता येतं. पण ज्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही अशा वाणात कंपनीला रस का असावा? सार्वजनिक संस्थांनी स्वतःचा बीटी कापूस आणायचा प्रयत्न केला: 2009च्या सुमारास बिकानेरी नरमा बीटी आणि त्याच्या जोडीला बीटी नांदेड-44. त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश सापडला आणि दोन्ही मागं घ्यावे लागले. पुढं विद्यापीठ आणि महाबीजनं मिळून नांदेड-44मध्ये बीजी-2 घालून तो पुन्हा बाजारात आणला, पण तोवर गुलाबी अळी बीजी-2ला सरावली होती. मधली वर्षं हातातून गेली ती गेलीच.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात ‘उद्याची शेती’ हा विषय घेताना आम्ही एक गोष्ट पक्की ठरवली. उद्या काय चालेल याची यादी या अंकात नाही. भाकीत चुकणं हा गुन्हा नाही. चांगल्या शास्त्रज्ञाचंही चुकतं. पण एका भाकिताच्या भरवशावर बाकीच्या वाटा बुजवल्या जातात, दुसऱ्या वाणाचा निधी थांबतो, दुसरं बी नाहीसं होतं, आणि भाकीत फसलं की परत फिरायला पायवाटसुद्धा उरत नाही. आमची काळजी आहे ती याची.

याच नांदेड जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण गोड ज्वारीचं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटनं या पिकावर वर्षानुवर्षं काम केलं. वर कणीस खायला, धाटातला रस इथेनॉलला, चोथा जनावराला, आणि हे सगळं उसाच्या मानानं फार थोड्या पाण्यात. ज्वारीच्या मुलखाला याहून शोभणारं स्वप्न नव्हतं. 2009-10च्या सुमारास टाटा केमिकल्सचा दिवसाला 30 हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प नांदेड जिल्ह्यात उभा राहिला. तो टिकला नाही. गोड ज्वारीची अडचण जगभर सारखीच आहे: धाट तोडलं की दिवस-दोन दिवसांत गाळावं लागतं, नाहीतर रसातली साखर उतरते. पीक एकाच वेळी पक्व होतं, कारखान्याला मात्र बारा महिने माल हवा असतो. एक-दोन एकरांच्या विखुरलेल्या तुकड्यांतून धाटं वेळेत कारखान्यावर आणायची कशी? शिवाय 2010 मध्ये सरकारनं इथेनॉलला ठरवलेला दर होता लिटरला 27 रुपये.

आणि गंमत नव्हे, दुःख असं की इथेनॉल शेवटी चाललं. 2022-23 मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलला 65 रुपयांच्या वर दर मिळाला, पुढच्या वर्षी मक्याच्या इथेनॉलला 71 रुपयांच्या वर गेला. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळण्याचं मूळ 2030चं उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं गेलं. म्हणजे इंधनाचं भाकीत खरं झालं. पीक, वेळ आणि दर मात्र वेगळेच निघाले. ज्यानं 2009 साली ज्वारी लावली त्याच्या पदरात काही पडलं नाही. पुढं ज्यांनी उसावर कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्यांनाही 7 डिसेंबर 2023च्या एका आदेशानं हादरवलं: साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंदी आली, नंतर ती सैल झाली. सरकारच भाकीत करतं आणि सरकारच ते फिरवतं, तेव्हा साध्या माणसानं कुणाकडं पाहायचं?

मोगली एरंडाचं तर बोलायलाच नको. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं 1 कोटी 12 लाख हेक्टरवर तो लावून डिझेल काढायचं सुचवलं. पडीक माळावर, पाण्याशिवाय, भरपूर बिया, असं सांगितलं गेलं. पडीक माळावर पाण्याशिवाय काहीच भरपूर येत नाही, हे मुखेडच्या कुठल्याही गुराख्यानं फुकट सांगितलं असतं.

उलट बाजूनंही भाकितं फसतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. तेव्हा जुन्याला चिकटून राहा असं सांगणारी माणसंसुद्धा भाकीतच करत असतात, आणि आम्हाला त्यांच्याही पंगतीत बसायचं नाही.

आपली एक खोड अशी की गेल्या संकटाकडं पाहून पुढचं तंत्र निवडायचं. 2015 मध्ये मराठवाड्यात पाऊस पडावा म्हणून औरंगाबादहून विमान उडालं, ढगांत रसायनं सोडली गेली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दहा वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, आपल्याच मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. रावणगाव, हसनाळसारखी गावं रातोरात पाण्यात गेली, माणसं गेली, गोठ्यातली जनावरं दाव्याला बांधलेली तशीच गेली, जमिनी खरडून खडक उघडा पडला. दुष्काळाच्या तयारीत बसलेल्या मुलखाला पाण्यानं मारलं. ती गावं अजून सावरलेली नाहीत, आणि त्यांचा विसर पडू देणार नाही असं हा अंक वाचकांना वचन देतो.

कृत्रिम पावसाबद्दलही घाईनं निकाल देऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापूर परिसरात काही ढगांत बीजारोपण केलं, तसेच दुसरे ढग मुद्दाम न छेडता सोडले आणि दोन्हींची तुलना केली. 2023 मध्ये निष्कर्ष आला: योग्य ढग असतील तर काही ठिकाणी 18 टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस. हा आकडा दुष्काळ हटवणारा नाही, पण मोजलेला आहे. आम्हाला हवी आहे ती ही रीत.

हाच डाव घरात पोरांवरही लावला जातो. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या रांगेत उभा बाप विचारतो, ‘सर, कशाला स्कोप आहे?’ एके काळी उत्तर होतं इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम, मग कॉम्प्युटर, आता एआय आणि डेटा सायन्स. पदवीला चार वर्षं लागतात आणि बाजार तेवढा थांबत नाही. त्यासाठी दोन एकर गहाण पडलेले असतील, तर मुलाला शाखा बदलायची मुभाही उरत नाही. गणित, विज्ञान आणि भाषा यांचा पाया पक्का असेल तर पोरगं कुठल्याही वळणावर उभं राहतं. सांगणाऱ्यांनी एवढं तरी प्रामाणिकपणे सांगावं.

शेतीत आज नवं भाकीत एआयचं आहे. बारामतीत उसाच्या शेतात संवेदक आणि उपग्रहाच्या माहितीवर प्रयोग चालू आहेत; राज्यानं 2025 मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण आणलं, त्यासाठी 500 कोटी रुपये ठेवले. आम्ही याच्या विरोधात नाही. पण बारामतीच्या बागायती उसात जे जमलं ते मुखेडच्या कोरडवाहू तुरीत जमेल, हे मुखेडच्या रानात सिद्ध झालं पाहिजे. नॅनो युरियाची आठवण ताजी आहे. 2021 मध्ये अर्ध्या लिटरची बाटली आली आणि ती 45 किलोच्या गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गहू आणि भाताचं उत्पादन घटलं. बाटली बनवणाऱ्या इफ्कोला तो निष्कर्ष मान्य नाही. वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. गावात मात्र दुकानदार लिंकिंग करतात, बाटली घेतली तरच गोणी. ज्याच्या गुणाची खात्री आहे त्याची सक्ती कशाला लागते?

आमचं मागणं थोडं आहे. जे तंत्र अनुदानातून किंवा सरकारी शिफारशीवर विकलं जाणार, त्याची आधी आपल्याच तालुक्यात, हलक्या जमिनीवर, पावसाच्या भरवशावर तीन हंगाम चाचणी व्हावी, आणि निकाल, चांगला असो की वाईट, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. नांदेडच्या संशोधन केंद्रातलं, परभणीच्या कृषी विद्यापीठातलं जुनं बी बाजारात मागणी नसली तरी दरवर्षी पेरून जिवंत ठेवावं. लालकंधारी गुरांच्या पैदाशीलाही तोच न्याय मिळावा. आणि शिफारस फसली तर भरपाईत शिफारस करणाऱ्याचा वाटा असावा. नवीन काही दिसलं तर आमच्या शेतकऱ्यानं जरूर करून पाहावं, पण आधी चार तासं, मग एकर. उरलेल्या रानात ओळखीचं पीक असू द्यावं.

रब्बीची पेरणी तोंडावर आहे. खताच्या गोणीसोबत नको असलेली बाटली कुणी गळ्यात मारू लागला तर पक्की पावती मागा, तिचा फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. लिंकिंग बेकायदेशीर आहे. एक प्रत आमच्याकडेही पाठवा, आम्ही छापू.